सुरू की प्लॅस्टिक

रूपेशने कल्याणहून एक लांबट खोका आणून पुढच्या खोलीतल्या बाकड्याखाली सरकवला, तेव्हा रामाला वाटलं पंखा असेल. ऐन डिसेंबरात पंखा कशाला, असं त्याने विचारलंसुद्धा. रूपेश म्हणाला, पंखा नाही, झाड आहे.

रामा भालेरावचा जन्म झाडांत गेला होता. वन खात्याच्या रोपवाटिकेत त्याने तीस वर्षं माळीकाम केलं होतं आणि गेल्याच वर्षी, २००३ साली, तो निवृत्त झाला होता. पण घडी घालून खोक्यातून येणारं झाड काही त्याने पाहिलं नव्हतं.

झाड सेलिनसाठी होतं. सेलिन म्हणजे रूपेशची बायको, वसईकडची ख्रिस्ती, शहापूरच्या दवाखान्यात नर्स. मे महिन्यात दोघांनी रजिस्टर लग्न केलं, त्या कागदावर साक्षीदार म्हणून रामाचीच सही होती. भावकीत कुणी नाक मुरडलं तर जात मोडायची हे आपणच बोलत आलो ना, असं तो त्यांना ऐकवायचा. पोरगी कामसू होती, कमी बोलायची, पौर्णिमेला सासूबरोबर विहारातही जाऊन बसायची. सात महिने घरात कसलीच कुरबुर झाली नव्हती. आता तिचा सासरचा पहिला नाताळ आला होता.

"ठेवणार कुठं ते?" रामाने विचारलं.

"हितंच, आबा. पुढच्या खोलीत."

पुढच्या खोलीच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. तिसरं काही नव्हतं, आणि ते नसण्याला कारण होतं. रामा बारा वर्षांचा असताना, सत्तावन्न साली, त्याच्या बापाने दीक्षा घेतली आणि घरातला देव्हारा रिकामा केला. टाक, शेंदराचे दगड, नारळ, सगळं एका टोपलीत भरून टोपली रामाच्या डोक्यावर दिली. भातसा नदीत सोडून ये आणि मागे वळून बघू नकोस, एवढंच बाप बोलला होता. तेव्हापासून सापगावच्या या घरात दुसऱ्या कुठल्या देवाला जागा मिळाली नव्हती.

आता हे झाड देव होतं की नव्हतं, हेच रामाला कळेना.

रामाच्या बायकोने, सोनूबाईने, सुनेला सरळच विचारलं, की याला हळदकुंकू लागतं का, दिवा लावावा लागतो का. सेलिन म्हणाली, तसलं काही नाही, झाड नुसतं आनंदासाठी. रामाला हायसं वाटलं. पण तिनेच पुढे सांगितलं की झाडाला चांदणी लावतात, दिव्यांची माळ सोडतात आणि खाली गोठा मांडतात, त्यात बाळ येशू असतो. मग रामा पुन्हा गोंधळला. नुसत्या आनंदाच्या झाडाखाली देव कसा काय येऊन बसतो?

दोन दिवस खोका बाकड्याखाली तसाच राहिला. झाडू मारताना सेलिन तो अलगद बाजूला करायची आणि पुन्हा जागेवर सरकवायची. ते बघून रामाने रूपेशला गाठलं. रूपेशने सांगितलं, तिला खरंतर सुरूची फांदी हवी असणार. तिचे वडील दरवर्षी किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी आणायचे.

"मंग हे कशाला आणलंस?"

"तुमच्यासाठी, आबा. हे खोटं हाय. धा दिवस ठेवायचं न् परत खोक्यात घालायचं. खरं आणलं असतं तर तुमी म्हणला असता, घरात काय पुजायला घेतलं."

रामाने सोनूबाईकडून सुनेच्या मनातलं काढून घेतलं, तर तिचं तिसरंच. सून तिला म्हणाली होती की प्लॅस्टिकचंच बरं, कचरा होत नाही. पण रूपेशने एवढं हौसेनं आणलंय म्हणून ती तसं म्हणते, असं सोनूबाईचं मत होतं. आणि सोनूबाईला स्वतःला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमाला चालंल ते."

म्हणजे लेकाने बापासाठी खोटं आणलं, सुनेने नवऱ्यासाठी ते बरं म्हटलं, आणि बायको सगळं आपल्यावर टाकून मोकळी झाली. रामा ओट्यावर बसून डोकं खाजवत राहिला. सुरू आणला तर तो आठ-दहा दिवसांत सुकणार आणि उकिरड्यावर जाणार. जे उकिरड्यावर टाकता येतं ते देव कसं असेल? तेव्हा सुरूच बरा. उलट प्लॅस्टिकचं झाड वर्षभर खोक्यात राहणार आणि सणाला बाहेर निघणार. जुन्या घरातले टाकही असेच डब्यात असायचे आणि नवरात्रात बाहेर यायचे. इथवर त्याचा हिशेब नीट जुळला. पण मग त्याला आठवलं, की ते टाकही आपणच नदीत टाकले. टाकता येतं ते देव नाही, हे म्हणणं तिथेच लंगडं पडलं.

रविवारी सेलिनला सुट्टी होती. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. रामा तिच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"सेलिन, आता दुसऱ्या कुणाचं सांगू नको. तुला सोताला काय पायजे?"

तिने हातातला शर्ट झटकला, दोरीवर टाकला, आणि बराच वेळ त्याच्या बाह्या सरळ करत राहिली.

"मला नाय कळत, आबा," ती म्हणाली. "घरी पप्पा आणायचे, मी चांदणी बांधायची. कुणी विचारलंच नाय कधी. हितं सगळे विचारतात. तुमाला राग येईल, रूपेशला वाईट वाटंल, आई घाबरतील. सुरू मागितला तर जास्त मागितल्यासारखं वाटतं. नको म्हटलं तर तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं वाटतं."

"तू त्याच्या पाया पडतेस का?"

"झाडाच्या नाय. बाळापुढं प्रार्थना करते. ते तुमच्यापासून लपवणार नाय मी."

तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. रामा दगडावर बसला. मग जे त्याने सोनूबाईलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्याच्या तोंडून निघून गेलं. टोपली सोडल्यावर त्याने मागे वळून पाहिलं होतं. नारळ तरंगत लांब चालले होते, आणि तो काठावर उभा राहून रडला होता. बाप बरोबर होता हे त्याला ठाऊक होतं, आजही ठाऊक आहे. मग आपण रडलो कशाला, हे मात्र त्याला अजून उमगलेलं नव्हतं.

रिकामी बादली उपडी करून सेलिनही त्याच्यासमोर बसली. मग रामा उठला आणि म्हणाला, "चल. कोयता घे."

रोपवाटिकेच्या कुंपणाला रामाने स्वतः लावलेले सुरू होते, आता चांगले दोन पुरुष उंच झालेले. तिथला रखवालदार दामू त्याच्याच हाताखाली शिकलेला. तारांवर आलेल्या फांद्या तशाही छाटायच्याच आहेत, घेऊन जा, म्हणाला. कुठली तोडायची ते रामाने सेलिनला दाखवायला सांगितलं. तिने तीनदा मन बदललं. एक सरळ होती पण विरळ, दुसरी दाट होती पण एका बाजूने बोडकी. अखेर बोडकी घेतली, ती बाजू भिंतीकडे करायची ठरवून. घरी येईपर्यंत दोघांच्या केसांत सुरूच्या काड्या अडकल्या होत्या.

रूपेश फांदी बघून आधी हिरमुसला, मग खोका त्यानेच बाहेर काढला. ते प्लॅस्टिकचं झाड सेलिन दवाखान्यात घेऊन गेली. बाळंतिणींच्या वॉर्डात, खिडकीत त्याला जागा मिळाली. तिथे त्याचा कुणालाच पेच पडला नाही.

फांदी वाळूच्या डब्यात उभी केली ती फोटोंच्या भिंतीला नाही, समोरच्या कोपऱ्यात. ही जागा सेलिननेच निवडली. खाली तिने पेंढ्याचा गोठा केला. नाताळच्या सकाळी ती त्यापुढे गुडघ्यांवर बसली. रामाला कळेना की उठून बाहेर जावं की तिथेच थांबावं. हात जोडावेत तर मनाला पटेना, आणि बाहेर गेलं तर पोरीला काय वाटेल. शेवटी दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बाकड्यावर बसून राहिला. तिचं झाल्यावर सोनूबाईने करंज्या वाढल्या.

दुपारी चांगो आला. विहाराची चावी त्याच्याकडे असायची आणि गावात कोण काय करतो याची नोंदही. दारातच थांबून त्याने कोपऱ्याकडे निरखून पाहिलं.

"रामा, हे काय रे?"

"सुनेचा सण हाय."

"ते कळलं. ह्याच्या पाया पडायचं असतं का?"

"झाडाच्या नाय, असं ती म्हणते."

"न् खालचं ते?"

"त्याच्या ती पडते. मी नाय पडलो."

"मंग तू काय केलंस?"

रामाने विचार केला. "बसलो व्हतो," तो म्हणाला.

हे बरोबर की चूक, ते चांगोच्या चेहऱ्यावरून कळेना. तो वहाणा काढून आत आला, बुद्धांच्या तसबिरीपुढे हात जोडले, फांदीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि बाकड्यावर टेकला. सेलिनने करंजीची बशी पुढे केली. चांगोने रामाकडे बघितलं. रामाने खांदे उडवले. मग चांगोने एक करंजी उचलली आणि सुरू कुठून तोडला ते विचारायला लागला.