मालनची थंडी

“आधी तेल, का आधी वात?” चंद्रप्रकाशांनी विचारलं.

देव्हाऱ्यापुढे पाट मांडून ते असे बसले होते, की कुणाला वाटावं परीक्षेचा पेपर हातात पडायचाय. मालन शेजारी उभी. तिच्या खांद्यावर पुसणं आणि जिवात धाकधूक.

“आधी वात. तेलात बोट बुडवून वातीचं टोक ओलं करा. मग तेल. आणि काडी जरा लांब धरून ओढा. मामंजींनी गावचा गोठा पेटवला होता, विसरले नाही मी.”

“तो इंगळान पेटललो. काडयेन न्हय.”

“पेटला ना पण?”

आतून सुयोग हसला. “बाबा, तुम्ही टेलिफोन खात्यात खांबावर चढून तारा जोडायचात. एक दिवा नाही जमत?”

“तारेक देव नसता रे,” चंद्रप्रकाश म्हणाले आणि त्यांनी काडी ओढली. ती विझली. दुसरी ओढली, तीही विझली. मालनने वर पंख्याकडे पाहिलं आणि जाऊन तो बंद केला. तिसऱ्या काडीला वात पेटली.

दिवा सासूबाईंचा. लांब मानेचा, पितळी, एकाच वातीचा. गावाहून गिरणगावातल्या चाळीत आला आणि चाळीतून इथे गोरेगावच्या दिंडोशीला, सहाव्या मजल्यावर. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांनी मालनचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, “दिवो चुकवू नको गो. घरच्याच माणसाच्या हातान लाव.” मालनने मान हलवली होती. त्या दिवसापासून एकाही तिन्हीसांजेला ती घराबाहेर राहिली नव्हती. शेजारच्या सरूबाई म्हणायच्या, “अगं, माझ्याकडे किल्ली दे, मी लावते.” पण सरूबाई कितीही जिवाभावाच्या असल्या, तरी घरच्या नव्हत्या. सुयोग आणि कल्पिता दोघंही नोकरीवाले. दिवेलागणीला ती दोघं रस्त्यातच असायची. चंद्रप्रकाशांना तिने कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. पुरुषमाणसाने रोज सांजवात करायची, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्याआधी मालन फिरली नव्हती असं नाही. सुयोग लहान असताना सगळे महाबळेश्वरला गेले होते. चंद्रप्रकाशांना बाहेरचं खाऊन पोटाचा त्रास व्हायचा, म्हणून सामानात स्टोव्ह, कुकर, तांदुळाची पिशवी. सगळे सूर्यास्त बघायला गेले आणि मालन खोलीत शिट्ट्या मोजत बसली. परत आल्यावर सुयोगने तिला हातवारे करून सूर्य केवढा होता ते दाखवलं. तिने त्याला गरम भात वाढला आणि म्हणाली, “एवढा मोठा? बाई गं.” सूर्य पाहिला नाही याचं तिला काही वाटलं नव्हतं. भात मोकळा झाला होता, त्यातच तिचं समाधान.

सासूबाई गेल्यावर मात्र सहली तिच्याविना होऊ लागल्या. बापलेक उटीला गेले, सुनेबरोबर केरळला गेले, एकदा सिमल्यालाही. गणपतीला गावीसुद्धा तेच जायचे. दर वेळी मालन आठवडाभर आधी लोकर घेऊन बसायची आणि प्रत्येकाला स्वेटर विणून द्यायची. येताना तिच्यासाठी चहापत्ती यायची, वेलची यायची, आणि फोनमध्ये ढीगभर फोटो. चंद्रप्रकाश निम्म्या फोटोंत अंगठा घालून ठेवायचे. “हा बघ बर्फ,” ते म्हणायचे, आणि मालन अंगठ्याच्या कडेने बर्फ बघायची.

हे असंच चाललं असतं. पण दिवाळीनंतर एका रविवारी जेवताना ऋतिकाने, सुयोगच्या मुलीने, सगळ्यांना धरलं. कुणाला प्रवासात काय आवडतं, सांगा.

“खिडकी,” चंद्रप्रकाश म्हणाले. “आणि गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर.”

“तासभर कसला, दोन तास,” सुयोग म्हणाला. “मला आपली स्वतःची गाडी. वाटेल तिथे थांबायचं, चहा मारायचा.”

“मला स्वच्छ बाथरूम,” कल्पिता म्हणाली. “डोंगर नसला तरी चालेल.”

“आणि आज्जी, तुला?”

मालन आमटी वाढत होती. हात थांबला नाही. “मला थंडी,” ती म्हणाली.

सगळे हसले. “आज्जी, तू तर पंखा एकवर ठेवतेस,” ऋतिका म्हणाली.

“म्हणूनच. एवढे स्वेटर विणले, पण ते कशासाठी घालतात ते अंगाला कळलंच नाही. गोरेगावात कुठली आलीय थंडी? एकदा दात वाजले पाहिजेत.”

ती हे हसत हसत बोलली, पण ताटावरचं हसू हळूहळू विरलं. सुयोगने भाताचा घास तसाच हातात धरला. चंद्रप्रकाश बराच वेळ पापड मोडत राहिले.

“तू जा गो,” ते शेवटी म्हणाले. “दिवो मी लावतंय.”

“तुम्ही?”

“मी घरचोच माणूस ना? का भाडेकरू?”

डिसेंबरात, चंद्रप्रकाश सोडून बाकी सगळ्यांनी, हिमालयातल्या कौसानीला जायचं ठरलं. कल्पिताने सगळ्या खोल्यांची बाथरुमं फोनवर तपासली. मालनच्या सोमवारच्या उपवासासाठी राजगिऱ्याचे लाडू आपणहून बांधून घेतले आणि बजावलं, “आई, स्टोव्ह नाही हं. तांदूळ पण नाहीत. मी तुमची बॅग उघडून बघणार आहे.”

निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मालनच्या मनात मागे फिरायचं होतं. चंद्रप्रकाश दुपारी झोपले की उठतील का? सोसायटीत गप्पा मारत बसले तर? ती त्यांना तेलाची बरणी दाखवत होती, वातींचा डबा दाखवत होती, जळत्या दिव्याला हलवायचं नाही हे पुन्हा पुन्हा सांगत होती.

“एकदा चुकला तर चुकला, असं म्हणू नका हं,” ती म्हणाली. “मी शब्द दिलाय.”

“माझी आवस होती ती, मालन,” ते हळूच म्हणाले. तिने वातींच्या डब्याचं झाकण लावलं.

सकाळच्या विमानाने दिल्ली गाठली; पहिली सांज तिथल्या स्टेशनवर आली. बाकावर बसून तिने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नुसती चंद्रप्रकाशांची हनुवटी दिसत होती.

“लावलंय,” हनुवटी म्हणाली.

“दाखवा.”

हनुवटी गेली. भिंत आली, कॅलेंडर आलं, मग परत हनुवटी. दिवा काही दिसला नाही. गाडीची घोषणा झाली आणि फोन कटला. मालन रात्रभर बर्थवर जागीच होती. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, हे तिला माहीत होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला चैन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ते कौसानीला पोचले. समोरची शिखरं ढगात होती. खोलीतल्या काचा गार पडल्या होत्या आणि बाहेर अंधार लवकर उतरत होता. मालनने स्वेटर, वर शाल, पायात मोजे असा जामानिमा केला, पण बाहेर पडेना. “आधी दिवा,” ती म्हणाली. ऋतिका दाराशी चुळबुळत उभी राहिली.

फोन लागला. या वेळी पडद्यावर हनुवटी नव्हती. चंद्रप्रकाश पूर्ण दिसत होते. धूतवस्त्र नेसलेले, केस ओले, म्हणजे पुन्हा अंघोळ केली होती. फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ते मागे सरकले.

“आज तुका बरोबर दिसात असो लावलंय,” ते म्हणाले. “काल दिसलो नाय ना? आज बघ.”

दिसला. दिव्याची ज्योत पडद्याच्या मधोमध, थेट तिच्याकडे तोंड करून जळत होती.

मालनने फोन एकदम डोळ्यांजवळ नेला. ओटा देव्हाऱ्याच्या दक्षिणेला. तिला दिसावा म्हणून त्यांनी वातीचं तोंड फोनकडे केलं होतं, आणि ते गेलं होतं दक्षिणेला. दक्षिणेला तोंड करून दिवा लावतात तो गेलेल्या माणसासाठी. वातीचं तोंड पूर्वेला, ही इतकी साधी गोष्ट, की शिकवताना सांगावीशी तिला वाटलीच नव्हती.

“काय झालं, आई?” कल्पिताने विचारलं.

फिरवा म्हणावं, तर जळता दिवा हलवायचा नाही. विझवा म्हणावं, तर सांजेचा दिवा आपल्या हाताने विझवायचा कसा? परत जावं, तर दिंडोशी दीड दिवसाच्या वाटेवर. मालन पडद्याकडे बघत राहिली. ज्योतीमागे चंद्रप्रकाश कौतुकाची वाट बघत उभे होते. त्यांच्या मनगटापर्यंत तेलाचे ओघळ होते.

दक्षिण म्हणजे पितरांची दिशा. म्हणजे ज्यांनी शब्द घेतला होता, त्यांचीच. त्यांचा मुलगा पहिल्यांदा त्यांचा दिवा घेऊन बसला होता, आणि नकळत त्याने तो आईच्या वाटेवर धरला होता.

“झालो की नाय बरोबर?” चंद्रप्रकाशांनी विचारलं. आवाजात जराशी शंका आली होती.

“झाला,” मालन म्हणाली. “आज दक्षिणेला तोंड केलंत त्याचं. सासूबाईंकडे. आज असू दे तसाच. हलवू नका. उद्यापासून मात्र पूर्वेला लावा.”

चंद्रप्रकाश पडद्यातच खाली वाकले. दिव्यापुढे त्यांचं टक्कल दिसलं, आणि दोन्ही हात.

“आवशीक सांगतंय,” ते म्हणाले, “तू खय गेलस ता.”

“सांगा. आणि जेवून घ्या. सरूबाई डबा देतील.”

“तिच्या तिखटान माझा पोट बिघाडता.”

“मग दहीभात खा,” मालन म्हणाली आणि फोन सुनेच्या हातात दिला.

“आज्जी, चल ना आता,” ऋतिकाने तिचा हात ओढला.

बाहेर व्हरांड्यात एकच बल्ब होता. त्यापलीकडे दरी, आणि दरीपलीकडे काळोखात उभे डोंगर. वारा नव्हता, पण हवाच अंगाला चावत होती. मालनने शाल घट्ट ओढली. मोज्यांतूनही फरशी पायाला डसत होती. तिचा जबडा आपोआप थरथरायला लागला.

“आज्जी, तुझे दात वाजतायत,” ऋतिका म्हणाली.

“वाजू दे.”

“आत जाऊया?”

“थांब जरा.”

तिने तोंड उघडून श्वास सोडला, तेव्हा बल्बच्या उजेडात तो पांढरा होऊन तिच्यापुढे तरंगला आणि विरला. मालन क्षणभर बघतच राहिली. मग तिने पुन्हा एकदा श्वास सोडला, सावकाश, आणि तो कुठवर जातो ते बघत उभी राहिली.