ज्याचा बर्फ त्याला

डायलिसिसहून परत येताना व्हायटस डोळे मिटून बसायचा आणि गाडी गल्लीत वळली की कुणी न सांगता उघडायचा. आज त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "अगं, आपल्या जागेत कुणाची तरी गाडी आहे."

गाडी चालवणाऱ्या त्याच्या बायकोला, आल्डोनाला, ते खरंच वाटेना. सकाळी निघताना तिने जागेत खुर्ची ठेवली होती, स्वयंपाकघरातली, पिवळ्या रेक्झिनची. ती जागा तिने एकटीने दोन दिवस खपून मोकळी केली होती. कमरेएवढा बर्फ, वरून पालिकेच्या गाडीने रस्त्यावरचा लोटलेला घट्ट बर्फ, आणि फावडं मारणारी बाई सत्तरीला टेकलेली. साउथ बॉस्टनमध्ये ज्याने जागा खणली त्याची ती. खुर्ची दिसली की पाद्रीसुद्धा पुढे जाऊन दुसरीकडे गाडी लावतो. आता ती खुर्ची फुटपाथवरच्या ढिगावर पाय वर करून पडली होती आणि तिच्या जागेत एक छोटी निळी गाडी आरामात उभी होती.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, आणि घरापाशी फुटपाथवर चढायची एकमेव वाट म्हणजे ती जागाच होती. तिला व्हायटसला कोपऱ्यावर उतरवावं लागलं. मशीनवरून उठलेल्या दिवशी त्याच्या पायांत अजिबात जोर नसायचा. गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून ती धापा टाकत परत आली, तेव्हा तो अर्ध्या वाटेवर बर्फात बसला होता आणि खालच्या मजल्यावरचा टेरी डूली त्याला काखेत हात घालून उठवत होता.

"पडलो नाही," व्हायटस म्हणाला. "बसलो."

"हो, देखावा बघायला बसला होता," टेरी म्हणाला. "चल राजा, उठ."

त्याला वर पोचवून दोघं पुन्हा रस्त्यावर आली. टेरी जन्मभर सिटी बस चालवून निवृत्त झालेला, तीस वर्षांपासूनचा शेजारी. त्याने निळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कुणाची रे ही?"

"आपल्यातली नाही. त्या टोकाच्या घरातल्या नव्या पोरांकडे कुणीतरी आलं असेल. बोल, काय करू? हवा सोडू टायरची? का किल्लीने दारावर नाव कोरू? तुझंच कोरतो. लांबलचक आहे, दोन्ही दारं भरतील."

"नुकसान नको," ती म्हणाली. "मी तसली बाई नाही, टेरी. या जागेत होता तेवढा बर्फ तिला परत करायचा. ज्याचा बर्फ त्याला. बास."

"फार सभ्य आहेस बाई तू."

"आहेच."

समोरच्या घरातल्या पेग गिल्डेने खिडकीतून अंगठा उंचावून दाखवला. टेरीने रस्त्याकडची बाजू घेतली, आल्डोनाने मागची. राग होता तोवर फावडं हलकं लागत होतं. तिने डिकीपर्यंत बर्फ चढवला आणि सवयीप्रमाणे काम नीट केलं. फावड्याच्या पाठीने थापून थापून तो गुळगुळीत केला, केकवर क्रीम फिरवावं तसा.

"पुतळा करतेयस का?" टेरीने विचारलं.

खूप दिवसांनी ती मोकळेपणी हसली.

उजेड मावळायला लागला तेव्हा ती वर खिडकीशी बसली होती. ओव्हनमध्ये बटाट्याचा कुगेलिस होता, व्हायटस ब्लँकेट घेऊन पडला होता. टोकाच्या घरातून एक मुलगी बाहेर आली. पातळ जाकीट, हातात मोजे नाहीत. गाडी पाहून ती जागच्या जागी थांबली.

"आली," आल्डोना म्हणाली. "अरे, पोरगी आहे."

"मग?"

"मग काही नाही. शिकेल."

मुलीने आजूबाजूला पाहिलं. फावडं नव्हतंच तिच्याकडे. कसल्यातरी डब्याच्या झाकणाने तिने पुढची काच खरवडली, दाराजवळचा बर्फ बुटाने आणि हातांनी उकरला, दार थोडंसं उघडून आत सरकली. गाडी सुरू झाली. दिवे लागले. आत गारठलेले हात चोळत बसली असणार. आल्डोनाला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याची तिला मुळीच लाज वाटली नाही. तिने उठून कुगेलिस पाहिला, व्हायटसच्या गोळ्या काढून ठेवल्या, चहा ओतून घेतला आणि पुन्हा खिडकीशी आली.

समोर गिल्डेंची गाडीसुद्धा सुरू करून ठेवली होती. पेगचा नवरा रात्रपाळीला जायचा, त्याआधी गाडी तापवायचा. तिच्या मागे पांढऱ्या वाफेचा लोट उठत होता. एवढ्या थंडीत सुरू असलेल्या प्रत्येक गाडीमागे तो उठतोच, सायलेन्सरमधून बाहेर पडला की लगेच गोठून पांढरा होतो. आल्डोना घोट घेता घेता तो पाहत राहिली. मग तिने निळ्या गाडीकडे पाहिलं.

दिवे चालू होते. मागे वाफ नव्हती.

तिला आधी वाटलं, बंद केली असेल. पण पुढच्या काचेवरचा बर्फ वितळून खाली घसरत होता. इंजिन चालू होतं. धूर तयार होत होता. मागून बाहेर पडत नव्हता, म्हणजे तो दुसरीकडून कुठूनतरी जात होता. गाडीखाली. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, त्यामुळे तिथून वर. आत.

कप तिच्या हातातून कधी सुटला ते तिला कळलं नाही. व्हायटसने काय झालं म्हणून हाक मारली, पण ती जिन्यात होती, घरातल्या सपाता पायात, टेरीचं दार दोन्ही हातांनी बडवत.

"फावडं आण! ती पोरगी... टेरी, सायलेन्सर! मी थापलाय तो!"

मुलगी सीटवर मान टाकून बसली होती. मांडीवर फोन उजळलेला. आल्डोनाने काच बडवली. दार आतून बंद होतं.

"झोपलीय गं," टेरी म्हणाला, पण त्याचा आवाज त्याचा नव्हता.

"फोड काच!"

मागच्या दाराची काच फावड्याच्या दुसऱ्या घावाला फुटली. आत हात घालून त्याने दार उघडलं, इंजिन बंद केलं, आणि दोघांनी तिला ओढून रस्त्यावर आणलं. ती इतकी हलकी होती की आल्डोनाला त्याचाच धक्का बसला. गाल छान गुलाबी होते, जणू आत्ता खेळून आलेली. आल्डोना तिच्या कानाशी ओरडत राहिली, नाव माहीत नव्हतं म्हणून नुसतं "ए पोरी, ए पोरी" करत. मग मुलगी कण्हली, कुशीवर वळली आणि तिने ओकारी काढली. कुणाची ओकारी पाहून एवढा आनंद होऊ शकतो हे आल्डोनाला माहीत नव्हतं.

आगीचा बंब आला, मागून ॲम्ब्युलन्स. मुलीला स्ट्रेचरवर घेऊन तोंडावर ऑक्सिजन लावला. गल्ली बाहेर जमली. बंबावरचा एक तरुण जवान गाडीच्या मागे वाकला. त्याने हातमोज्याने बर्फावर ठोकलं. लाकडासारखा आवाज आला.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"पालिकेची गाडी," टेरी म्हणाला. "सगळा बर्फ आणून आमच्या दारात लोटतात. रोजचंच आहे."

"दुपारी आली होती," पेग गिल्डे म्हणाली. "मी खिडकीत होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"हो, हो, गाडीच," मागून कुणीतरी म्हणालं.

आल्डोना त्यांच्याकडे पाहत राहिली. किती सहज. एकमेकांकडे न बघता, न ठरवता, सगळी गल्ली तिच्यासाठी खोटं बोलत होती. पेगने तिच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली. टेरी तिच्या कानाशी वाकला.

"तोंड उघडू नकोस. परवा व्हायटसला न्यायचंय, त्याच्या परवा पुन्हा. तुला पोलिसांनी नेलं तर त्याला कोण नेईल? मला डोळ्यांनी धड दिसत नाही. वाचली ना ती? संपलं."

ते खरं होतं. व्हायटसला दुसरं कुणी नव्हतं. एक दिवस चुकला तर पाय सुजत, दोन चुकले तर छातीत पाणी भरे. तिने वर पाहिलं. तो खिडकीत उभा होता, काचेला हात टेकून.

स्ट्रेचरवरून मुलीने हात पुढे केला. आल्डोनाने तो धरला. बर्फासारखा गार होता. मुलीने ऑक्सिजनचा मुखवटा थोडा बाजूला सारला.

"तुम्ही पाहिलंत म्हणून... ते म्हणाले मला." तिला श्वास पुरत नव्हता. "तुमची जागा होती ना? खुर्ची मीच बाजूला केली. मला ठाऊक नव्हतं, मी इथे नवी आहे. सॉरी. खरंच सॉरी."

मरता मरता वाचलेली मुलगी आल्डोनाची माफी मागत होती, एका गाडीपुरत्या जागेसाठी. आणि ती माफी घेऊन गप्प राहणं किती सोपं होतं.

"पालिकेच्या गाडीने नाही, पोरी," ती म्हणाली. "मी केलं ते. मागचा बर्फ मी थापला, फावड्याने. मला तुझा राग आला होता."

मुलगी तिच्याकडे पाहत राहिली, वाक्य अजून संपलेलं नसावं असं. मग तिने हात सोडवून घेतला आणि ब्लँकेटखाली नेला.

"आल्डोना घाबरलीय बिचारी," टेरी मोठ्याने म्हणाला. "थंडीने काहीतरी बडबडतेय."

जवानानेही मान डोलावली. "मॅडम, तुम्ही आत जा. पायांत सपाता आहेत तुमच्या. तुम्ही जीव वाचवलात तिचा."

"ऐका," आल्डोना म्हणाली. तिने शाल काढून पेगच्या हातात दिली. "मी आल्डोना श्लेकिस. दुसरा मजला. बर्फ मी टाकला, सायलेन्सरवर, दुपारी. माझ्या नवऱ्याला परवा डायलिसिसला न्यायचंय, तेवढं कुणीतरी लिहून घ्या, आणि मग मला काय विचारायचं ते विचारा."

जवानाने हातमोजा काढला आणि खिशात पेन शोधायला लागला. टेरी तिच्यापासून एक पाऊल बाजूला सरकला.