कागदावरचं पाऊल

“उचला आता. सरळ वर. घसटू नका, नाहीतर कागदावर तुम्ही पळत सुटल्यासारख्या दिसाल,” मेजर म्हणाले आणि खुर्चीतल्या बाई हसल्या.

कागद अलगद निघाला. काळ्या शाईत डावं पाऊल उमटलं होतं. मेजरांनी तो दोरीला चिमट्यानं अडकवला, घमेल्यातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि बाईंचा पाय धुवायला घेतला. साखरेच्या आजारानं पाय बधिर झाले की पाणी कढत असलं तरी कळत नाही, म्हणून आधी कोपर. तेवढं मला समजत होतं. पण पाय त्यांनीच का धुवायचा, हे समजत नव्हतं. शाई पुसायला ओले बोळे होते आणि बाईंचे हात चांगले धडधाकट होते.

“माझे पाय असे कुणी धुतले असते तर मी रोज शाईत उभी राहिले असते,” शिलाई मशीनवरून मावशी म्हणाल्या.

“तुमच्या जिभेचा ठसा घ्यायचाय एकदा. पण कागद पुरायचा नाही.”

रुग्णालयाच्या तळघरातल्या दोन खोल्यांत आम्ही अशा पायांसाठी चपला-बूट बनवायचो. मेजर ठसे घेत आणि चपलांचे तळ कापत, मावशी शिवत. मोजमापं माझ्याकडे होती. मेजर खरं तर सैन्यात साधे शिपाई होते. “तिथे राहून गेलेली बढती मावशींनी दिली,” असं ते सांगत.

दुपारी विभागप्रमुख डॉक्टर आले. त्यांच्या हातात कागदांची गुंडाळी होती.

“शिबिरातले ठसे. बेचाळीस जणांचे. महिनाअखेर जोड तयार हवेत.”

मेजरांनी गुंडाळी थोडी उलगडली. “माणसं कुठायत?”

“आपापल्या घरी. चार तासांची वाट आहे, त्यांना कशाला ताण द्यायचा? ठशावरून दाब कळतो, हे या बाईंच्याच अहवालात आहे.”

होतं. साठ रुग्णांचे ठसे मी दाब मोजायच्या यंत्राशी ताडून पाहिले होते आणि मेळ चांगला बसला होता.

“माणूस पाहिल्याशिवाय मी तळ कापत नाही, साहेब.”

“मेजर, हे तुमचं दर वेळचं झालंय. जमत नसेल तर सांगा. तुम्हाला स्टोअरमध्ये पाठवतो, काम बाहेरून करून घेतो.” त्यांनी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. “निष्कर्षाच्या रकान्यात ‘ठसा पुरेसा’ एवढं लिहा आणि सही करा. उद्या सकाळी द्या.”

ते गेल्यावर मावशींनी मशीन थांबवलं. “जा आता, फिनाइलच्या बाटल्यांना बूट शिवा,” त्या म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्या हात धुवायला बाहेर गेल्या.

मी गुंडाळीतला सतरा नंबरचा कागद काढला. एका बाईचा डावा पाय. बाहेरच्या कडेला आणि टाचेला शाई दाट होती.

“मेजर, हे तर स्पष्ट आहे. तळाची बाहेरची कड उचलून घेतली की भार आत सरकेल. यात कमी काय आहे?”

“कमी काहीच नाही.” त्यांनी कागद हातात घेतला. “सैन्यात माझं हेच काम होतं. माग काढायचा. जंगलात तुकडीच्या पुढे चालायचो, नजर खाली. ठसा किती खोल, कड ढासळली का, आत पाणी किती झिरपलं. त्यावरून माणसं किती, ओझं किती, जाऊन वेळ किती झाला, सगळं सांगायचो. चुकायचो नाही.”

ते स्टुलावर बसले.

“एका सकाळी ओढ्याकाठी माग लागला. चौघं. ओझं जड. एका ठेक्यात चाललेले, कुठे टेकलेले नाहीत, आणि पायवाट सोडून झाडीतून. दोन दिवसांपूर्वी त्याच पट्ट्यात आमचे तिघं मारले गेले होते. तुकडीच्या साहेबांनी विचारलं, ‘मारणारे तेच का?’ मी म्हटलं, ‘तेच.’ आम्ही आडव्या वाटेनं पुढे जाऊन दबा धरला. धुकं होतं. चौघं आले. खांद्यावर लांब काहीतरी होतं.”

“काय होतं?”

“बांबू. त्याला चादरीची झोळी, झोळीत आजारी म्हातारी. एकाच्या खिशात दवाखान्याची चिठ्ठी सापडली. पायवाट सोडली होती ती आम्हालाच घाबरून.” त्यांनी कागदाचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “चौघंही आमच्या गोळ्यांनी गेले. म्हातारीला काही लागलं नव्हतं. झोळीतून ती एकच काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होती. तिची भाषा मला येत नव्हती. पण का थांबलात, असंच विचारत असणार.”

बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला.

“मग मी बाटलीतलं पाणी ओतून एकाचा पाय धुतला. मला बघायचं होतं, मी माग दुसऱ्याच कुणाचा काढला का. टाचेला आडवी भेग होती. ओढ्याकाठच्या ठशात तीच. माग बरोबर होता, बाई. चौघं, ओझं जड, सगळं बरोबर. चुकला असता तर निदान मला काही सांगता आलं असतं.”

“तुम्हाला कुणी दोष दिला?”

“नाही. सगळे म्हणाले, जमिनीवर होतं तेच तू सांगितलंस. पण साहेबांनी जमिनीबद्दल कुठे विचारलं होतं?”

मावशी आत आल्या. मेजर उठले आणि सुरीला धार लावायला लागले.

माझे साठ रुग्ण मला आठवले. प्रत्येकाला मी स्वतः सांगितलं होतं, सरळ उभे राहा, हात सोडा, समोर बघा. अहवालात हे एका ओळीत होतं. ती ओळ कुणी वाचली नव्हती, आणि फॉर्म पुढ्यात येईपर्यंत मीही विसरले होते.

मी रकान्यात लिहिलं, ‘ठसा पुरेसा नाही. माणूस पाहिलेला नाही.’ खाली सही केली.

डॉक्टरांनी सकाळी ते दोनदा वाचलं. “शनिवारी गाडी मोकळी असते,” ते शेवटी म्हणाले. “सुट्टी घालवायची हौस असेल तर जा. जोड रखडले तर जबाब तुम्ही द्यायचा, मी नाही.”

शनिवारी एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही शाई, कागद आणि घमेलं मांडलं. सतरा नंबरच्या बाई आल्या त्या नवऱ्याला घेऊन. त्याचं उजवं अंग लुळं होतं. डावा हात बायकोच्या मानेभोवती आणि भार सगळा तिच्यावर.

“शिबिरातही अशाच उभ्या होतात?” मी विचारलं.

“मग काय! सोडलं तर पडतील की. आणि पडले तर पुन्हा उचलायचं मलाच.”

“हिला तेवढाच व्यायाम,” नवरा अडखळत म्हणाला.

मेजरांनी त्याला बाकावर नीट टेकवून बसवलं आणि बाईंचा ठसा नव्यानं घेतला. मी जुना कागद शेजारी धरला. पाऊल तेच होतं. पण नव्या ठशात बाहेरची कड फिकट होती आणि शाई अंगठ्याखाली दाटली होती, म्हणजे आम्ही जिथे भार सरकवणार होतो नेमकी तिथे. बधिर पायाला ते कळलं नसतं. जखम आधी झाली असती.

मी वहीत दोन्ही ठशांची मापं लिहिली. मेजरांनी घमेल्यात कोपर बुडवलं, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा बुडवलं.

“अहो, मला येतंय धुता,” बाई संकोचून म्हणाल्या.

“माहीत आहे,” मेजर म्हणाले आणि त्यांनी टाच ओंजळीत घेतली. पाणी काळं झालं. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले. शाई केव्हाच निघून गेली होती. ते अजून धूत होते.