मागचं चाक धाकट्याचं

आमच्या वडिलांना भांडणाचा मनस्वी तिटकारा. आपल्यामागे पोरांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवू नयेत म्हणून त्यांनी सगळ्याची वाटणी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. इथवर ठीक. पण मोटरसायकल एकच. मग माणसाने काय करावं? त्यांनी लिहिलं: पुढचं चाक, हँडल, दिवा आणि हॉर्न थोरल्याला; मागचं चाक, इंजिन आणि बॅटरी धाकट्याला; सीट निम्मी निम्मी. खाली झोकात सही!

धाकटा म्हणजे मी. वाटणीनंतर पंधराच दिवसांत माझं आणि दादाचं वाजलं. हॉर्न त्याचा असला तरी करंट माझ्या बॅटरीचा, तेव्हा वाजवण्याआधी मला विचारायला हवं, एवढंच मी म्हणालो. चुकलं माझं? तो म्हणाला, "घे तुझा करंट, घाल डोक्यावर." त्याला आज सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. हॉर्नही बंद. समोर कुणी आलं की मी मागून ओरडतो, "बाजू! ओ काका, बाजू!"

बोलणं बंद झालं तरी जाणं बंद झालं नाही. हँडल त्याचं, म्हणून तो चालवतो. मागची सीट माझी, म्हणून मी मागे बसतो. तो पाणीपुरवठ्यात, मी समोरच्याच मोजणी ऑफिसात. रोज नऊला निघायचं, सहाला परतायचं. सहा वर्षं मी त्याची मान बघत आलोय. मानेवरचा कुठला केस कधी पांढरा झाला तेसुद्धा सांगेन.

आणि आता चार दिवसांनी दादा रिटायर होणार. महिन्यापूर्वी वहिनीने आमच्या हिला सांगितलं, हिने मला. त्या दिवसापासून माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. ज्या माणसाशी मी बोलत नाही, त्याच्यामागे बसायला मिळणार नाही म्हणून मला रडू येतंय, हे सांगायचं तरी कुणाला? लोक हसतील. हसू देत मेले, पण खरं तेच.

तर आज सकाळी पुलाच्या अलीकडे मागचं चाक फुस्स करून बसलं.

दादा उतरला आणि समोरच्या विजेच्या खांबाला म्हणाला, "कुणाच्या तरी चाकात हवा नाही."

मी त्याच खांबाला म्हणालो, "कुणीतरी खड्डा बघून चालवावं."

मग त्याने आपलं हँडल धरलं, मी माझी मागची बाजू ढकलली, आणि घाम गाळत आम्ही पंक्चरवाल्याकडे पोचलो.

पंक्चरवाल्याने टामी घालून टायर उचकटला, ट्यूब ओढून काढली, घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. बुडबुडे आले. मग टायरमध्ये हात फिरवून त्याने तोंड वाकडं केलं. "ट्यूबचं काही नाही हो, ठिगळ लावतो. पण टायरलाच चीर गेलीय. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून देईन, चार-सहा दिवस निघतील. नाहीतर नवीन घाला, पाच वर्षं बघायला नको. बोला, किती दिवस चालवायचीय?"

हाच प्रश्न महिनाभर घरात कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तो ह्या बाबाने, हातात ओली ट्यूब धरून!

दादा त्याला म्हणाला, "मागचं चाक त्याचं आहे. त्याला विचार."

मी म्हणालो, "चालवणारा तो आहे. त्याला विचार."

"अहो, तुम्ही दोघं एका आईचेच ना?" पंक्चरवाला वैतागला. "माझ्यामागे अजून तीन गाड्या आहेत."

"त्याला सांग," दादा म्हणाला, "चारच दिवस तर उरलेत. नवीन टायर कशाला?"

झालं! माझं डोकंच फिरलं. पंक्चरवाल्याला बाजूला सारून मी थेट दादासमोर उभा राहिलो. "चारच दिवस? एवढ्या सहज म्हणतोस? आणि पाचव्या दिवशी मी काय करू? कुणाच्या मागे बसू? तुला काय, तू बसशील घरात पाय पसरून!"

सहा वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही तारस्वरात. घमेल्याजवळचं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

दादा म्हणाला, "मी मुदतवाढ मागितली होती. नाही दिली."

"मुदतवाढ? तुला? ते ऑफिस तर तुला डोळ्यांसमोर नको असतं!"

"ऑफिससाठी नाही मागितली."

"मग अर्जात कारण काय लिहिलंस?"

"खरं तेच लिहिलं. धाकट्या भावाला कामावर सोडायचं असतं."

"अरे, मी एकावन्न वर्षांचा आहे!"

"साहेबही तेच म्हणाले," दादा म्हणाला.

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं. पंक्चरवाल्याने तोंड दुसरीकडे फिरवलं. जरा वेळाने त्यानेच विचारलं, "मग टायरचं काय करू?"

"नवीन घाल," मी म्हणालो.

"माप?"

मी चाकाकडे बघत राहिलो. सहा वर्षं माझ्या मालकीचं चाक, पण माप काही मला सांगता येईना. दादाने सांगितलं, न बघता.