देवीला तिरकं कोण धरणार

दसऱ्याला मी पुण्याला घरी जाऊन आले आणि आल्या दिवसापासून माझा कॅमेरा खोटं बोलायला लागला.

माझा म्हणजे चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या आमच्या कारखान्यातला, गाडीची पुढची काच बसवणाऱ्या रोबोचा. कॅमेरा बघतो आणि रोबो त्याच्या सांगण्यावरून काच नेऊन ठेवतो. हे स्टेशन मी साहेबांच्या मागे लागून लागून मिळवलं होतं. आता काच दर वेळी दोन मिलिमीटर सरकून बसत होती. हे साहेब, म्हणजे पुण्याचे मधुसूदन सर, शुक्रवारी येणार होते. तोवर जमलं नाही तर स्टेशन काढायचं, काचा पुन्हा हातांनी बसवायच्या आणि रुचिराने, म्हणजे मी, पुण्याला परतायचं, असं त्यांनी फोनवर सांगूनच टाकलं. मला परतायचं नव्हतं. नोकरीत पहिल्यांदाच एखादी गोष्ट माझ्या हाताने उभी राहिली होती.

मी आधी रोबोवाल्यांशी भांडले. मग भिंगावर संशय घेतला, मग चेन्नईच्या दमट हवेवर. शेवटी कारखान्याची फरशीच उताराची असेल म्हणाले, तेव्हा मधुसूदन सर फोनवर शांतपणे म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मी फोन ठेवला आणि समोरच्या फरशीवर पाय आपटला. ती सपाट होती.

गंमत म्हणजे स्क्रीनवर चूक दाखवणारा आकडा अगदी लहान होता, नजर लागावी इतका सुंदर. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन म्हणजे त्याची नजर तपासणं. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक पट त्याला दाखवायचा, चौकटींचं माप आपल्याला ठाऊक असतं, त्यावरून तो स्वतःच्या भिंगाचा अंदाज घेतो. दर सोमवारी कार्तिक नावाचा आमचा टेक्निशियन पट धरून उभा राहतो आणि मी केबिनमध्ये बसून बटण दाबते. आकडा चांगला आला की आमचं काम संपलं. फोटो कोण बघतं?

गुरुवारी सकाळी दुसरं काही सुचेना म्हणून मी फोटो उघडले. दसऱ्याआधीच्या फोटोंत पट डावीकडे कललेला, पुढे वाकलेला, कोपऱ्यात तिरका, हवा तसा होता. दसऱ्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तो लग्नातल्या व्याह्यासारखा ताठ, कॅमेऱ्याच्या समोरासमोर. नुसता समोरून पट दाखवला तर तो जवळ आहे म्हणून मोठा दिसतो की भिंगामुळे, हे कॅमेऱ्याला कळायला मार्ग नसतो. तो मनाला येईल ते धरून चालतो आणि स्वतःलाच पैकीच्या पैकी मार्क देतो.

मी तरातरा लाइनवर गेले. "कार्तिक, पट तिरका का धरत नाहीस?"

कार्तिकने खाली बघितलं. "सामी, मॅडम," तो पुटपुटला. सामी म्हणजे देव, एवढं तमिळ मला येत होतं.

पटाच्या वरच्या कडेवर चंदन आणि त्यावर कुंकू होतं. आयुधपूजेला इथे प्रत्येक यंत्राला लावतात, त्यात नवल नव्हतं. "अरे, माझे बाबा खंडेनवमीला स्कूटरला कुंकू लावतात आणि दुसऱ्या दिवशी तीच चिखलात घालतात," मी म्हणाले.

आता मध्ये आले लाइनचे सुपरवायझर जनकोजीराव. हे तंजावरकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण ती माझ्या पणजोबांच्या वयाची आणि तिची चाल तमिळ.

"स्कूटर तें आयुध, अम्मा," ते म्हणाले. "हें आयुध नव्हे. पूजेदिवशीं देवीचा पडम कपाटांत, कपाटाला कुलूप. किल्ली मिळाली नाहीं. मग ह्या पटालाच देवी म्हणून मध्यें बसविलें, हार घातलों, आरती केलों. आतां देवीला तिरकें कोण धरणार?"

"किल्ली कुठे गेली होती?"

जनकोजीरावांनी माझ्या पर्सकडे बघितलं. पडम म्हणजे तसबीर, आणि तिच्या कपाटाची किल्ली माझ्याबरोबर दसरा करून आली होती. ती अजून पर्समध्येच होती.

शरमेपेक्षा मला रागच आला. मी ओलं फडकं घेतलं आणि कुंकू पुसायला गेले. आजूबाजूची पाच-सहा माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. माझा हात पुढे जाईना. आरती झालेली देवी ओल्या फडक्याने पुसायची, हे माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

"दुसरा पट छापायला चार दिवस," मी म्हणाले आणि तिथल्याच खोक्यावर बसले. "सर उद्या येणार. मी संपले, जनकोजीराव."

ते पटाजवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "गाभाऱ्यांतला सामी हलत नाहीं. तें खरें. पण उत्सवाचा सामी? पालखींत बसून रस्त्यांत येतो तो? त्याला खांदेकरी कसें डोलवितात? उजवीकडे, डावीकडे, खालीं वाकवून, पुन्हां वरतीं. सामीला तेंच आवडतें." ते कार्तिककडे वळले आणि तमिळमध्ये काहीतरी बोलले.

कार्तिकचा चेहरा उजळला. तो गावच्या देवळात दर वर्षी पालखीला खांदा देतो, हे मला तेव्हा समजलं. त्याने चपला काढल्या, पटाला नमस्कार केला आणि पट उचलला.

त्यानंतरची मजा काय सांगू. जनकोजीराव टाळ्यांवर ठेका धरून तोंडाने नादस्वरम, म्हणजे इकडची सनई, वाजवत होते आणि कार्तिक पट मिरवत होता. देवी डावीकडे झुलली, उजवीकडे झुलली, कॅमेऱ्याजवळ येऊन वाकली, मागे जाऊन मान उंचावून बघू लागली. मी केबिनच्या दारात उभी राहून बटण दाबत होते आणि हसू आवरत नव्हतं. आकडा पहिल्यापेक्षा थोडा मोठाच आला. आला तर आला, म्हटलं, खरा तर आहे. पुढची काच चौकटीत अशी बसली की बोट फिरवलं तरी फट लागेना.

शुक्रवारी मधुसूदन सरांनी पुन्हा सगळं करून दाखवायला सांगितलं. ठेका, नादस्वरम, सगळं. ते हाताची घडी घालून बघत राहिले.

"हे काय आहे, रुचिरा?"

"कॅलिब्रेशन, सर. अंगण सरळ होतं. आम्हाला नाचता येत नव्हतं."

त्यांनी ओळीने दहा काचा तपासल्या. मग म्हणाले, "स्टेशन राहू दे. तूही राहा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते सगळ्यांदेखत पुसलं.

सर गेल्यावर जनकोजीराव माझ्यासमोर हात पसरून उभे राहिले. "किल्ली, अम्मा."

"आता कशाला? पुढच्या आयुधपूजेला मी इथेच आहे."

"फार संतोष, अम्मा," ते म्हणाले आणि हात तसाच पुढे ठेवला.

मी किल्ली दिली.