चुलीपुढची आई

रामहरीची चित्रं शहरातले, सावेडीतले बंगलेवाले लोक हौसेनं दिवाणखान्यात लावत. ज्यांनी जन्मात कधी चूल फुंकली नव्हती, त्यांना त्याच्या चित्रातला धूर भारी गोड लागे. रामहरीही काही कमी नव्हता. माईकवर ‘आमचं खर्डा गावातलं घर’ एवढं म्हणताच त्याचा गळा हमखास दाटून यायचा.

यंदाच्या प्रदर्शनातलं मोठं चित्र होतं ‘आई’. चुलीपुढं भाकरी थापणारी आई आणि समोर ताट घेऊन बसलेला लहानगा रामहरी. लोक त्यापुढं उभं राहून डोळे पुसत होते. नेमकी पहिल्याच दिवशी त्याची थोरली बहीण मनकर्णा एसटीनं येऊन थडकली. तिला बोलावलं होतं रामहरीच्या बायकोनं, सुरेखानं. चोराच्या मनात चांदणं. रामहरीला घामच फुटला.

कारण खरी गोष्ट वेगळी होती. दसरा सरला की त्याचे आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जात, ते उन्हाळ्यातच परतत. चुलीपुढं बसायची ती मनकर्णा, अकरा वर्षांची. त्यासाठी तिची शाळा सुटली आणि रामहरीची चालू राहिली. चित्र काढतानाही त्याच्या मनात तीच होती. पण चेहऱ्यापाशी आल्यावर तो थबकला. लोक विचारतील, पोरीची आई कुठंय? त्याला लाज वाटली आणि त्यानं तिथं आईचा चेहरा बसवून टाकला.

मनकर्णा बराच वेळ चित्र न्याहाळत राहिली.

“ह्यात मी कुठं हाय रं?”

“तू... बाहेर खेळायला गेलीस, अक्का.”

“मी कवा खेळले?” ती हसली. मग चित्राच्या अगदी जवळ गेली. “आयचं तोंड लई झ्याक काडलंस. पर ही डाव्या हातानं भाकरी थापती.”

रामहरीनं पुढं वाकून पाहिलं. अख्ख्या घरात डावखुरी होती ती एकटी मनकर्णा. चेहरा आईचा झाला होता, हात मात्र तिचाच राहिला होता. एवढ्या लोकांनी चित्र पाहिलं, पण कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“चुकलं माझं, अक्का. लाज वाटली मला. उद्याच आईचा चेहरा पुसतो, तिथं तुझा काढतो. सगळ्यांना सांगतो.” एवढं बोलून आपण सुटलो, असं त्याला क्षणभर वाटलंही.

“नगं, तिला उठवू नगं,” मनकर्णा म्हणाली. “सांजंला मला बी वाटायचं, आय चुलीम्होरं असावी. हितं तरी बसलीया. फकस्त तिच्यापशी मला बशीव. त्या वक्ताला हुते तेवढी. ल्हान.”

रामहरी मान हलवून ‘बरं’ म्हणाला. मग त्यानं डोळे मिटून आठवून पाहिलं. तिचे हात आठवले, हाक आठवली. पण लहानपणचा तिचा चेहरा काही केल्या आठवेना. तिला लहान म्हणून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.