पेज घालायची वेळ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझी बायको डेझी लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगत आली आहे. मला ते कधी लागलं नाही. आम्ही समुद्रकाठच्या चौक गावचे कोळी. कोणाला किती मासळी मिळाली, कोणाचं इंजिन बंद पडलं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, आणि असावंच. गोष्टी दडवणारा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.

माझी मुलगी क्लेअर मात्र अशा कामात पडली, जिथे गप्प बसणं हाच नियम. ती विद्यापीठात पीएचडी करत होती. बोंबील बाजारात पोचेपर्यंत कसा मऊ पडतो, कसं पाणी सोडतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. त्यावर उपाय म्हणून ती कोळंबीच्या टरफलांपासून एक लेप तयार करत होती. तो क्रेटला आतून लावला की बोंबील दोन दिवस जास्त टिकावा, असा तिचा हिशेब होता. दर रविवारी चर्चमधून आल्यावर ती ओट्यावर माझ्याजवळ बसायची. मी जाळं शिवायचो आणि ती आठवडाभरात काय जमलं, काय बिघडलं ते सांगायची. अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं, पण मी प्रश्न विचारत राहायचो. "अभिनव सर माझे गाईड आहेत, ते पण एवढं विचारत नाहीत," असं ती हसून म्हणायची. आठवडाभर मी त्या एका तासाची वाट बघायचो.

लेप वाळला की तडकायचा. आठ महिने तेच रडगाणं चाललं होतं. एका रविवारी तिनं आमच्याच गॅसवर भांडं चढवलं आणि टरफलांची भुकटी शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, विरघळवली. त्यात भाताची पेज घालून बघू, असं तिच्या मनात होतं. पण पेज गरम घातली की गुठळ्या व्हायच्या आणि गार घातली की पुन्हा तडे.

"बोट बुडवून बघ," मी म्हणालो. "बोटाला सोसली की घाल. तुला भरवताना तुझी आई तसंच बघायची."

त्या दिवशी लेप तडकला नाही. क्लेअरनं थर्मामीटर लावून आकडा वहीत लिहिला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, पेटंटचा अर्ज जाईपर्यंत हे कुणाला सांगायचं नाय हां."

"मी कोणाला सांगतोय?" मी म्हणालो.

त्या पेटंटवर तिचं बरंच काही अवलंबून होतं. एक कंपनी तो लेप बनवायला तयार होती, पण पेटंट असेल तरच. आणि मग पुढच्या कामासाठी विद्यापीठ क्लेअरला तिची स्वतःची लॅब देणार होतं. कोळ्याच्या पोरीची लॅब. मी मनातल्या मनात तिच्या दारावरची पाटीसुद्धा वाचली होती.

बोटीवर वापरून बघायला तिनं मला लेप लावलेले चार क्रेट दिले. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात उतरायच्या आधी फादर येऊन आशीर्वाद देतात. आमच्या आळीची त्या दिवशीची एक रीत आहे. बोटीवर नवीन जाळं असो, इंजिन असो, काहीही असो, पवित्र पाणी शिंपडण्याआधी मालकानं ते काय आहे, कुठून आणलं, हे सगळ्यांसमोर सांगायचं. लपवून नेलेली वस्तू दर्या ठेवून घेतो, असं आमचे म्हातारे मानत.

"रुबेन, हे क्रेटला काय लावलंय?" माझ्या शेजारच्या बोटीच्या रॉकनं विचारलं.

आतून प्लास्टिक लावलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण फादर समोर उभे होते, अख्खा गाव ऐकत होता, आणि माझी छाती फुगली होती. "माझ्या पोरीनं बनवलाय हा लेप," मी म्हणालो, आणि मग गाडी थांबलीच नाही. माझा भाचा प्रिन्स मोबाईलवर शूटिंग करत होता. संध्याकाळी त्यानं ते यूट्यूबवर टाकलं. पेटंटचा अर्ज गेला त्यानंतर सतरा दिवसांनी. मी क्लेअरला यातलं काही बोललो नाही, कारण काही चुकलं असं मला वाटलंच नव्हतं.

दोन वर्षांनी क्लेअर एका बुधवारी घरी आली. बुधवारी ती कधी येत नाही. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. पेटंट ऑफिसच्या पत्रात तोच व्हिडिओ पुरावा म्हणून दिला होता.

"हा तूच ना, पप्पा?"

मीच होतो. नवा शर्ट घालून, हवेत बोट बुडवून दाखवत होतो. पेज कधी घालायची ते सांगत होतो. अर्ज करण्याआधी जी गोष्ट जगाला कळली, ती कायद्यानं नवी राहत नाही, आणि नवी नसेल तर पेटंट नाही, असं तिनं मला समजावलं. अगदी शांतपणे, रविवारी समजावायची तसंच.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "दारू पिऊन बडबडलो, मला त्यातलं काय कळत न्हाय, असं लिहून देतो."

"व्हिडिओ बघून कुणीही करू शकतं, पप्पा. तू सगळं बरोबर सांगितलंयस."

ती ओरडली असती, तर मला ते सोपं गेलं असतं.

सरांनी उत्तरं पाठवून पाहिली, पण अर्ज फेटाळला गेला. कंपनीनं अंग काढून घेतलं आणि लॅबचा विषय तिथेच संपला. क्लेअर आता त्याच विद्यापीठात दुसऱ्या कोणाच्या तरी प्रकल्पावर काम करते. इकडे आमच्या तेरा बोटींवर तो लेप लागलाय. बायका टरफलं साठवतात, शिरका आणतात, पेजेत बोट बुडवून बघतात. बाजारात भेटल्या की माझ्या पोरीला दुवा देतात, आणि मला मान वर करवत नाही.

क्लेअर अजून रविवारी येते, त्याच ओट्यावर बसते. मागच्या रविवारी तिच्या बोटांवर निळसर डाग दिसले.

"हे काय झालं?" मी विचारलं.

"लॅबमध्ये."

"नवीन काय चाललंय?"

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मी तिची समजूत काढली असती.

"असंच काहीतरी, पप्पा," ती म्हणाली, आणि डेझीला जेवणाचं विचारायला आत गेली.

अजून दहा प्रश्न माझ्या तोंडाशी आले होते. मी खाली मान घालून जाळं शिवत राहिलो.